गणपतीपुढचे रबरी बूट

५ जानेवारी
संकल्प: वीस तारखेच्या ऑडिटपर्यंत एकही तक्रार नाही. पास झालो तर रिसॉर्टच्या पाटीवर आणखी एक तारा. मी हाउसकीपिंगचा सुपरवायझर. त्या ताऱ्याचं एक टोक माझं. देवा, हा अहंकार नव्हे.

८ जानेवारी
सेफ्टीच्या तेजश्री मॅडमनी न घसरणारे रबरी बूट वाटले. लादी पुसताना घालायचेच. सर्व्हिसचे जगदीश सर म्हणाले, लॉबीत असले बूट गेस्टला दिसता कामा नयेत. दोघांनाही हो म्हणालो. मार्ग मला सुचला. लॉबीत गणपती आहे. देवापुढे पायांत काही घालून कोण जातं? लॉबी अनवाणी पुसायची, बाकी सगळीकडे बूट.

९ जानेवारी
सफाईच्या सगळ्या बायकांना पटलं. फक्त छायाला नाही. माझी बायको, लॉबी तिच्याकडे. सगळ्यांसमोर म्हणाली, "अवो, साबनाच्या पान्यात देव काय हात धरनार हाय माझा?" बायका हसल्या. मी गंभीर राहिलो. शेवटी तिने बूट काढले. श्रद्धेचा विजय.

१४ जानेवारी
एका गेस्टने लिहिलं, इथला स्टाफ किती नम्र! जगदीश सर खूश.

१७ जानेवारी
छाया लॉबीत घसरली. किरकोळ असावं. सोमवारी येईल.

१८ जानेवारी, सकाळी
खुब्याचं हाड मोडलं. आज ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात तीन महिने. डॉक्टर वाढवूनच सांगतात. दीड महिना धरू.

२० जानेवारी
ऑडिट पास. तेजश्री मॅडमनी विचारलं, छायाला बूट काढायला कोणी सांगितलं? मी म्हणालो, तिची श्रद्धा. तोंडातून निघून गेलं. जगदीश सरांनी लगेच फॉर्म दिला: कर्मचाऱ्याने स्वतःहून बूट काढले. तिची सही आणायची.
छायाला सगळं नीट समजावून सांगेन. ती समजून घेईल.

२१ जानेवारी
खोपोलीला दवाखान्यात गेलो. समजावायची सगळी वाक्यं गाडीवर पाठ केली होती. एकही वापरावं लागलं नाही. तिने फॉर्म उघडलासुद्धा नाही. "तुमी वाचलाय ना? मग मी काय वाचू?" म्हणाली. पडल्या पडल्या सही केली. नाव पूर्ण लिहिलं, माझ्या नावासकट. मग म्हणाली, "बसा जरा. सकालपासून उभेच असाल."
बसलो.
पाच वाजता फॉर्म जमा केला.