कोठीवरचा पत्रा

४ नोव्हेंबर

भावजी यांस,

न. वि. वि. सुरुवातीचा ‘स’ सप्रेमचा असतो, म्हणून या वेळी गाळला आहे.

माझ्या मुलाचं पत्र आलं. तुमच्या बोटीवर शिकायला आलेली सगळी पोरं खालच्या माशांच्या कोठीत झोपतात आणि वर यायला पुढची एकच शिडी आहे, असं तो कळवतो. त्याने गमतीने लिहिलंय. मला मात्र त्यामुळे तुम्हाला पत्र लिहिणं भाग पडलं.

ती कोठी मला ठाऊक आहे. युद्धाआधी हा साधा मासेमारीचा ट्रॉलर होता, तेव्हा कोठीला वर मधोमध मोठं तोंड होतं. नौदलाने बोट घेतली, त्या तोंडावर जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला आणि त्यावर तोफ उभी केली. पुढे शिडीपाशी आग लागली, त्या दिवशी तुमचे थोरले बंधू त्याच कोठीत होते. तुम्ही वर होतात.

युद्ध संपलं, तोफ उतरली, बोट शाळा झाली. पत्रा तसाच. का, तर त्या सपाट जागेवर कवायत झकास होते! तो कापा आणि तिथे दुसरी शिडी लावा. ही विनंती नाही.

सासूबाई बऱ्या आहेत. टोपीतला तुमचा फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी दाखवत नाही.

लोभाचं काय ते पत्रा निघाल्यावर बघू.

वहिनी

११ नोव्हेंबर

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. मी काहीही गाळलेलं नाही.

कॉलेजात शिकलात म्हणून बोट बांधता येते असं नव्हे. डेक मधोमध कापला की त्याची ताकद जाते, आणि या म्हाताऱ्या बोटीला शिकवण्याखेरीज खवळलेल्या समुद्रात गस्तही घालावी लागते. पोरं शिट्टी वाजताच वर येतात. मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय.

आणखी एक. तुमचा मुलगा इथे माझा पुतण्या नाही. आधीच पोरं त्याला ‘साहेबांचं बाळ’ म्हणतात. बाळाच्या आईने डेक कापून घेतला असं कळलं, तर त्याचं काय होईल याचा विचार करा.

दादा माझाही होता. दर वेळी त्याला पुढे करून मला गप्प करू नका.

रविवारी पालकांना बोट पाहायला बोलावलंय. या, चहा घ्या आणि कृपा करून शांत राहा.

लोभ नसेल तर नसो, आशीर्वाद असू द्या.

आपला,
धाकटा दीर

१९ नोव्हेंबर

भावजी यांस,

न. वि. वि. आले, चहा घेतला. शांत राहण्याचं जमलं नाही.

तुमचे अधिकारी तिखटमीठ लावून सांगतील, त्याआधी मीच सांगते. पोरांची अंथरुणं पाहू या म्हणून मी सगळ्यांच्या आयांना कोठीत नेलं. शेवटची बाई उतरल्यावर मोठ्याने म्हटलं, वर चहा ओतलाय आणि कप कमी आहेत. पुढचं तुम्ही पाहिलंतच. आग नव्हती, धूर नव्हता, नुसता चहा होता. तरी एकीचा पाय दुसरीच्या खांद्यावर! शिंपीणबाईंचा चष्मा फुटला. मास्तरीणबाई शिडीच्या मध्यावर अडकून रडायला लागल्या. तुम्ही वरून शिट्ट्या मारत होतात. तुमच्या शिट्टीने एकही बाई हलली नाही.

शिंपीणबाईंनी वर पत्र्याकडे बघत मला विचारलं, हे झाकण कुठून उघडतं. मी म्हटलं, ते साहेबांना विचारा. आता त्या सगळ्या मिळून विचारणार आहेत, तुम्हाला आणि तुमच्या वरच्यांनाही.

मुलाला मी घरी नेणार नाही. बाकीची पोरं जिथे झोपतात, तिथेच ‘साहेबांचं बाळ’ झोपेल.

पत्रा कापलात तर माझ्याकडे पाठवा. तुमच्या नुसत्या शब्दावर माझा विश्वास नाही.

लोभ वाढवायची घाई नाही.

वहिनी

२ डिसेंबर

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. काल गोदीत पत्रा कापला. शिडी लावली. नवं झाकण आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडतं. खालून आडव्या तुळया दिल्यावर डेकची ताकदही गेली नाही. जिंकलात. यापुढे बोटीवर तुम्हाला बोलावणं येणार नाही.

दादा धुरामुळे झोपेतच गेला, असं तेव्हा मीच तुम्हाला सांगितलं होतं. त्या आगीत वर आम्हाला खालचं काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून मला ते खरंच वाटत आलं. काल पत्रा उलटा केला.

पाठवू नये असं फार वाटलं. पण तुम्ही मागितलात, आणि अडवून ठेवणारा मी कोण? बोटीच्या सुताराबरोबर पाठवतो आहे. आईला दाखवू नका.

धाकटा

५ डिसेंबर

भावजी यांस,

पोच देते. बोटीच्या सुताराकडून कोठीवरचा लोखंडी पत्रा, नग एक, मिळाला. चारही कडा ताज्या कापलेल्या. वरच्या बाजूला करडा रंग, तोफेच्या बोल्टांची भोकं बुजवलेली. सासूबाई झोपल्या असताना उतरवून घेतला. खालच्या बाजूला हातोडीचे घाव आहेत, बहुतेक सगळे एकाच कोपऱ्यात. मोजले. आकडा लिहीत नाही.

वहिनी