दोन थेंब, शंभर आकडे

आई, हल्ली मी रोज सकाळी नाकात तेल घालते. हसू नकोस. म्हणजे हस, तुझा हक्कच आहे तो. ज्या पोरीने तुझ्या तेलाच्या वाटीकडे बघून आयुष्यभर नाक मुरडलं, तिच्याच नाकावर साठीला ही पाळी आली. अडतीस वर्षं खडूची धूळ खाऊन मी मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, आणि उन्हाळा लागला तसं नाक आतून इतकं कोरडं पडलं की शिंकरलं की रुमालावर रक्त. इथं बेळगावात, अनगोळात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आयुर्वेदाची डॉक्टरीण बसते. माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल. नाक तपासून म्हणाली, "मॅडम, शास्त्रात नाकाला डोक्याचं दार म्हटलंय." माझी जीभ तुला माहीत आहेच. मी म्हटलं, "ठाऊक आहे. दार करकरायला लागलं की तेल घालायचं." तिला ते फार आवडलं. कुठल्या पुस्तकात आहे म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, निपाणीत तंबाखूच्या वखारीत ऐकलंय.

मग तिने सगळं नीट समजावून सांगितलं, आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत बसले. सकाळी तोंड धुऊन झालं की करायचं, डोक्यावरून न्हायल्यावर लगेच नाही, जेवणावर नाही, सर्दी-ताप असेल त्या दिवशी नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, मान मागे टाकून पडायचं, दोन्हीकडे दोन-दोन थेंब, घशात उतरेल ते थुंकून टाकायचं. आणि शंभर मोजेपर्यंत उठायचं नाही. यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. तुझ्या तोंडून कितीदा ऐकलेलं, फक्त तू मॅडम म्हणत नव्हतीस.

तेल घालायला काही अडचण नाही आली. अडलं ते पडून राहायला. पलंगाच्या कडेवर मान टाकून डोळे मिटले की तीस-चाळीसपर्यंत कसंबसं जातं, मग वाटतं कुकरची शिट्टी झाली, दूध उतू गेलं, कुणीतरी फाटक वाजवलं. मी ताडकन उठते आणि तेल ओठावरून ओघळून ब्लाऊजवर. शाळेत पोरं मला घड्याळबाई म्हणायची. प्रार्थनेची घंटा झाली की मी फाटकात उभी. एक मिनिट उशीर झाला तरी कारण सांगितल्याशिवाय आत सोडत नसे. त्या घड्याळबाईला आता कुठेही जायचं नाही, कुणी वाट बघत नाही, तरी तिला शंभर आकडे आडवं राहता येत नाही. लेक कोर्टात वकिली करते, तिच्या बोलण्याला धार आहे. परवा म्हणाली, "आई, लोंढा जंक्शनला जाऊन गाडी गाठायचीय का तुला?" मी तिच्यावर डाफरले. पण मला ठाऊक होतं, मला कोण उठवतंय ते.

आपल्या निपाणीच्या दोन खोल्यांपुढे दगडी कट्टा होता. तू पहाटे उठून पाणी तापवायचीस, भाकऱ्या थापायचीस, माझी वेणी घालायचीस, आणि सगळं उरकलं की वाटीत तिळाचं तेल घेऊन त्या कट्ट्यावर आडवी व्हायचीस. डोकं कडेच्या खाली, अंबाडा हवेत. कापसाची वात तेलात बुडवून तू नाकात पिळतेस, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि डोळे मिटून मोजायला लागतेस. तुझं माहेर चिक्कोडीच्या पलीकडचं, त्यामुळे बोलणं मराठीत असलं तरी तुझे आकडे कन्नडच राहिले. ओंदु, एरडु, मूरु. मी शेजारी फतकल मारून बसलेली, तुझ्याबरोबर मोजते. शंभराला नूरु म्हणतात हे मी शाळेत जायच्या आधी त्या कट्ट्यावर शिकले. वखारीचे भोंगे दोन. पहिला झाला की तू उठायचीस, थुंकायचीस, पदर नाकावरून घट्ट बांधायचीस. दुसरा झाला की तुम्ही सगळ्या बाया आत. तंबाखू चाळायला घेतली की वखारीच्या भिंतीबाहेरची माणसंही शिंकायची, आणि तुम्ही तर त्या धुळीत दिवसभर बसलेल्या. मी एकदा विचारलं होतं, तेल कशाला. तू म्हणालीस, "धूळ आदी तेलाला चिकटू दे गं, मग मला." बाकी दिवसभरात मी तुला पाठ टेकलेली कधी पाहिली नाही. आल्यावर पुन्हा चूल, धुणं, निवडणं. तुझं असं जे काही होतं ते एवढंच होतं, दोन थेंब आणि शंभर आकडे.

मी सातवीत होते. शनिवारची सकाळची शाळा. वरच्या गल्लीतल्या वकिलांची मुलगी नुकतीच माझी मैत्रीण झाली होती, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदाच मला न्यायला आपल्या घरी येणार होती. मी दारातून कोपऱ्याकडे डोळे लावून उभी. तिची निळी रिबन दिसली, आणि त्याच वेळी मला तू दिसलीस. रोज दिसायचीस, पण त्या दिवशी मी तिच्या डोळ्यांनी पाहिलं. भर रस्त्यावर कट्ट्यावर पसरलेली बाई, तोंड उघडं, वरच्या ओठावर तेल, नखं तंबाखूने पिवळी. तिची आई घरातसुद्धा इस्त्रीचं पातळ नेसायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी जवळ येऊन दबक्या आवाजात ओरडले, "ऊठ की! लोळत काय पडलीस? मला उशीर व्हायलाय!"

तू मूवत्तेरडुपर्यंत आली होतीस. बत्तीस. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस, मग माझ्या मागे रस्त्याकडे. "व्हय व्हय, उठले गं," म्हणालीस, पदराने तोंड पुसलंस आणि वाटी घेऊन आत गेलीस. घाईत तेल कुठेतरी भलतीकडेच गेलं असणार, कारण माझा डबा भरताना तू सारखी ठसकत होतीस. मैत्रिणीने विचारलं, आत कोण खोकतंय. मी म्हटलं, आईला सर्दी झालीय. डबा माझ्या हातात देताना तू तिच्याकडे बघून हसलीस, "ये गं बाळ, चहा घेतीस का?" आणि मी तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच नेलं.

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर वाटी आली नाही. तू रुसली नाहीस, माझ्या वेणीला पहिल्यासारखाच पीळ देत राहिलीस. मला वाटलं, सुटली एकदाची ती सवय. मी खूश झाले होते, आई. मैत्रीण मग दहावीपर्यंत रोज यायची, आणि आपला कट्टा रोज स्वच्छ, रिकामा.

तू गेल्यावर तेराव्याला वखारीतल्या बाया आल्या होत्या. तेव्हा मी बेळगावात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. त्यातल्या एक आक्का, तुझ्या शेजारी बसून चाळणाऱ्या, माझ्याजवळ आल्या आणि औषधाची एक जुनी बाटली माझ्या हातात दिली. तळाला बोटभर तेल. म्हणाल्या, "तुझी आई लई लवकर यायची बघ. दार उघडायच्या आदी. भाईर पोती टाकलेली असायची, त्यावर आडवी व्हायची, नाकात तेल घालायची. आमच्याबी घालायची. शंभर झाल्याबिगर कुणाला उठू द्यायची न्हाय. मी म्हटलं, घरात का न्हाय घालून येत? तर म्हणाली, घरात पोरीचा अभ्यास असतो, तिची गडबड असती, मधी कशाला पडू." घरभर माणसं होती. त्यांना वाटलं मी तुझ्या आठवणीने रडतेय. मला आठवण नव्हती आली, मला लाज वाटत होती. इतकी वर्षं तू माझी तक्रारसुद्धा माझं कौतुक करून सांगत आली होतीस.

ती बाटली मी जपून ठेवली असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही ठेवली. दोन घरं बदलली, त्यात कुठेतरी गेली.

खोकला तुला शेवटपर्यंत होता. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेलाने फरक पडला असता का. ती म्हणाली, "नाक ओलं राहतं एवढंच, मॅडम. वर्षानुवर्षं छातीत धूळ जात असेल तर तिथं तेल काय करणार?" खरं बोलणारी मुलगी आहे, म्हणून तिच्याकडे जाते. तेव्हा तुझ्या खोकल्याचं पाप मी माझ्या माथ्यावर ओढून घेत नाही, तेवढा शहाणपणा आलाय. माझ्या वाट्याचं पाप लहान आहे. मी फक्त तुला बत्तिसाव्या आकड्यावर उठवलं.

आज सकाळी मी तेल घालून पडले होते. लेक कोर्टाची कुठलीशी फाइल शोधत खोलीत शिरली. तिची पावलं ऐकली आणि मी डोळे न उघडताच उठायला लागले, "उठले गं, डबा भरते." तिने तळहात माझ्या कपाळावर ठेवला. "पडून राहा गपचूप. डबा मी भरते. किती झाले?" मी म्हटलं, मूवत्तेरडु. तोंडातून तसंच निघालं. "मग पुढचं मोज. मोठ्याने," म्हणाली, आणि तशीच बसली, हात न काढता. मी मोजायला लागले. पन्नासला घाई सुटली तशी मी गुपचूप सत्तरावर उडी मारली. कोर्टात रोज कन्नड बोलणारी ती, लगेच पकडलं, "ऐवत्तुनंतर एकदम एप्पत्तु? अरवत्तु खाल्लंस, आई. माघारी जा." मला हसू फुटलं, तेल घशात आलं, तरी गेले माघारी. आणि मग मी पोचले. नूरु. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. काही विशेष झालं नाही, फक्त छताचा पंखा दिसत राहिला आणि कुणी मला उठवलं नाही. ती म्हणाली, "झालं? एवढंच तर होतं," आणि डबा भरायला गेली.

तिला तो कट्टा सांगावा असं फार वाटलं. तोंड उघडलं, पण मी तिला भाजीत मीठ बघ एवढंच म्हटलं. म्हणून तुला लिहितेय. हा कागद पलंगाच्या खणात तेलाच्या बाटलीखाली राहील, थोडा तेलकट होईल, तुला त्याचं काही वाटणार नाही. एकच सांगायचं राहिलंय. त्या शनिवारी आम्ही दोघी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा वखारीचा पहिला भोंगा झाला. शाळा पाच मिनिटांवर होती, फाटक उघडायचं होतं, आम्ही अर्धा तास पायरीवर चिंचोके खेळत बसलो. त्या दिवशी मला उशीर झाला नव्हता, आई. आणि भोंग्यावर वेळ ओळखणाऱ्या तुला ते तेव्हाच माहीत होतं.