नव्या स्क्रीनची जबाबदारी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज ऑफिसातल्या चारही कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसली. जुने मेनू गेले, बटणांवर नवी चित्रं आली. आग्रह माझाच होता. संगमेश्वर सर म्हणाले, महिनाभरात सगळ्यांना शिकव, तुला पर्मनंट करतो. चाकूरला घरी आईला फोन केला. पर्मनंट झाले म्हणून सांगितलं. महिन्याचाच तर फरक.

५ नोव्हेंबर
वाजिदचाचा इथले सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. म्हणाले, बेटी, सामान घरातच हाय, पण कपाटं कुणी हलवली? मी म्हटलं, चाचा, बदल स्वीकारायला हवा. मान डोलावून हाव म्हणाले. पटलं.

११ नोव्हेंबर
चाचांच्या स्क्रीनवर एकही बटण नाही. सगळी लपवून टाकलीत. कीबोर्डवर अक्षरं टाइप करून रेषा ओढतात. म्हणजे बटणं तोंडपाठ झाली. माझ्या शिकवण्याचा पहिला निकाल.
शेजारच्या टेबलावरच्या मल्लिनाथने त्याच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती परत टाकली. तुलना करायची असेल.

१४ नोव्हेंबर, दुपार
सॉफ्टवेअरच्या कंपनीला दोन पानं सूचना पाठवल्या. मिनिटाभरात उत्तर आलं, आपलं मत मोलाचं आहे. किती लवकर वाचलं!

१९ नोव्हेंबर
पंचाक्षरी अप्पांच्या घराचा नकाशा एकटीने पूर्ण केला. जिना डावीकडचा उजवीकडे घ्यायचा होता. उलटवायचं बटण शोधण्यात पाऊण तास गेला. सापडलं. चाचा म्हणाले, एकदा बघू दे. नको म्हटलं. सारखं तपासत बसलं तर विश्वास कसा येणार?

२६ नोव्हेंबर
साइटवर चुन्याच्या फक्कीने आखणी झाली. जिन्यासोबत अख्खं घरच उलटलेलं. नकाशावरची अक्षरं सरळ राहिली, म्हणून कळलं नाही. आग्नेयेचं स्वयंपाकघर नैऋत्येला. अप्पांच्या आई कमलम्मा फक्कीवर उभ्या राहून म्हणाल्या, किती शिकलीस गं? मी एक यत्ता शिकले न्हाई, पण सूर्य कुठं उगवतो ठाऊक हाय. सर शेजारीच होते.
चाचांनी दहा मिनिटांत दुरुस्त केलं. माझ्या ट्रेनिंगमुळेच एवढ्या लवकर जमलं.

१ डिसेंबर, सोमवार
चारही कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती. सर म्हणाले, पर्मनंटचं पुढल्या वर्षी बघू, तोवर तू प्रिंट काढत जा.
आईचा फोन. गल्लीत पेढे वाटून झाले. आता काम काय असतं, म्हणून विचारलं. सांगितलं, ऑफिसातला प्रत्येक नकाशा माझ्याच हातून बाहेर जातो.
प्रिंटरला एकच बटण आहे.