फळ्याची डावी बाजू

मी, खाली सही करणारा, धंद्याने वेताच्या खुर्च्या विणणारा, गल्लीत ज्याला सगळे वेतकाका म्हणतात तो, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे आणि फुप्फुसं ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला त्यांची गरज लागत नाही, असं वकीलबाई म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. शाळा लवकर सुटली. पुढचं वाचन दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांबरोबर जी रद्दी यायची तिच्यावर झालं. तेव्हा भाषा माझी, कायदा वकीलबाईंचा.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं हिच्या नावावर होतं. ही म्हणजे माझी बायको. ते आता रद्द समजावं.

१. घर. हे माझ्या कष्टाचं आहे, वाडवडिलांचं नाही, त्यामुळे कोणा चुलत्या-पुतण्याने हक्क सांगू नये. घर माझ्या एकुलत्या लेकीला. मात्र खालचं स्वयंपाकघर आणि पुढची खोली सोबत मंडळाच्या वापरात राहावी, मंडळ चालेल तोवर.

सोबत मंडळ हिने काढलं. दवाखान्यात ज्याचं कोणी नाही, त्याच्या खाटेशेजारी आमचा एक माणूस जाऊन बसतो. औषध देत नाही, उपदेश तर अजिबात करत नाही. बसतो. पगार कोणालाच नाही.

लेकी, ही अट वाचून तुझ्या कपाळाला आठी पडणार, हे मी इथूनच पाहतो आहे. पुढे वाच.

२. हत्यारं. आरी, वेत सोलायच्या सुऱ्या, हातोडी आणि भिजत घातलेला वेत, सगळं शिंप्याला. त्याची बायको गेली आणि आठवडा व्हायच्या आत तो आमच्या दारात उभा. म्हणाला, "मलाही कोणाच्या तरी उशाशी बसू द्या." हिने त्याला परतही पाठवलं नाही आणि दवाखान्यातही पाठवलं नाही. माझ्यासमोर बसवलं. म्हणाली, "आधी यांच्या हाताखाली खुर्ची विणा. तुमच्या मनातला पेशंट जरा निजू दे, मग दुसऱ्याकडे जा." त्याने विणलेली पहिली खुर्ची इतकी ढिली होती की बसणारा थेट जमिनीवर. पण पुढे तो बरा झाला. मग जुन्या सोबत्याबरोबर जाऊन नुसता पाहत बसला, आणि त्यानंतरच एकटा गेला.

अट एवढीच, की ताजं दुःख घेऊन जो येईल त्याच्या हातात शिंप्याने आधी वेत द्यावा.

३. शिल्लक. बँकेत आहे त्यातलं अर्धं लेकीचं. उरलेल्यातून सोबत्यांचं बसभाडं आणि चहा-साखर. भाड्याचा डबा फडताळावर उघडा असावा, ज्याचं त्याने घ्यावं. मागायला लावू नये. मागायची वेळ आली की माणूस पुढच्या खेपेला येत नाही, आणि कारण भलतंच सांगतो.

किटली मंडळाची. दवाखान्यातून उठलेल्या माणसाने परस्पर घरी जायचं नाही, आधी इथे यायचं, हा हिचा नियम. बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर बिस्किटं पुढे करायची. आणि कोणी म्हणालं, "मला आता होत नाही," तर त्याला "का?" विचारायचं नाही. "बरं केलंस सांगितलंस" म्हणायचं. असे सोडून गेलेले पुष्कळ जण पुढे आपणहून परत आले.

४. चिटणीस. मंडळाच्या चिटणिसांना मी त्यांची लाकडी चौकट परत करतो. ही गेल्यावर पंधरवड्यात ते हिच्या नावाचं प्रशस्तिपत्रक घेऊन आले होते, काचेत घालून. भाषणही खिशात होतं. मी दार अर्धंच उघडलं. काच फुटली आहे, ती माझ्या हातून फुटली आणि मला वाईट वाटलं नाही. चिटणीस माणूस वाईट नाही, पण आभार कसे मानतात ते त्यांना कोणी शिकवलं नाही. हिची रीत अशी, की किटली चढवता चढवता म्हणायची, "काल त्या आजोबांना तू चमच्या चमच्याने पाणी पाजलंस ना? सिस्टर सांगत होत्या." बस्स. ती पोरगी अजून येते.

५. फळा. स्वयंपाकघरातला फळा भिंतीवरून काढू नये. डाव्या बाजूला पेशंटचं नाव, उजव्या बाजूला त्याच्याजवळ बसणाऱ्याचं. खडू कायम धाकटीच्या हातात असे. धाकटी ही हिची मानलेली बहीण, लाँड्रीच्या काउंटरवर बसणारी, मला भावोजी म्हणून टोमणे मारणारी. कोणाला कोणाजवळ पाठवायचं हे तिला नेमकं कळायचं. बडबड्याला बहिऱ्याकडे पाठवायची आणि दोघेही खूष असायचे.

ही आजारी पडली तेव्हा त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात होती. खाटेजवळ एका वेळी एकच माणूस, हा तिथला नियम. सगळ्या सोबत्यांना वाटलं, ताईंजवळ तर रीघ लागली असेल. आपण गेलो तर कोणाची तरी जागा अडेल. जो तो दुसऱ्यासाठी खुर्ची सोडून घरी थांबला. आणि मी रात्रंदिवस बसलेला म्हणून हीच मला म्हणाली, "अहो, घरी जाऊन अंघोळ करून या. वास मारताय. कोणीतरी येईलच आता, आपली माणसं आहेत." मी गेलो. मलाही तसंच वाटलं होतं.

परत आलो तेव्हा सिस्टर पडदा ओढत होती. मी विचारलं, "कोण होतं?" ती म्हणाली, "काका, तुम्ही गेल्यावर कोणीच आलं नाही. त्या दाराकडे बघत होत्या."

घरी आलो. फळ्यावर डाव्या बाजूला बाकी सगळ्यांची नावं होती. हिचं नव्हतं. धाकटीने खडू उचलला होता, पण ताईचं नाव पेशंटच्या बाजूला लिहायला तिचा हात धजला नाही. हे तिनेच सांगितलं, भिंतीला टेकून. लेक म्हणाली, "आई सगळ्यांची झाली, मावशी. आईचं मात्र कोणी झालं नाही." धाकटीने खडूचा डबा ओट्यावर ठेवला आणि चपला हातात घेऊनच उंबरा ओलांडला. त्यानंतर ती या घरात आलेली नाही. फळा आता शिंपी लिहितो. बडबड्याला बडबड्याकडे पाठवतो.

लेकी, तू बोललीस ते खोटं नव्हतं. पण मी यावर खूप विचार केला आहे, खुर्च्या विणताना दुसरं काम काय असतं? जी सगळ्यांची नावं लिहायची, तिला कोणी विचारलं होतं का, तुझं काय चाललंय? बहीण मरते आहे आणि खडूही तिच्याच हातात. तेव्हा तो काढून घ्यायला हवा होता, रागाने नव्हे, मायेने. म्हणून नियम असा, की सोबत्याच्या घरातलं कोणी आजारी पडलं किंवा सोबतीच आजारी पडला, तर ते नाव दुसऱ्याने लिहावं, आणि सगळ्यांत आधी लिहावं. आपलं माणूस आहे म्हणून गृहीत धरू नये. आणि फळा लिहिणाऱ्याच्या मागे नेहमी एक जण उभा असावा, त्याच्याकडे बघायला.

डॉक्टरांनी मला फार लांबचं सांगितलेलं नाही. माझं नाव डाव्या बाजूला लिहावं.

६. धाकटी. तिला मी काहीही ठेवत नाही. एक खुर्चीसुद्धा नाही. लोक म्हणतील, वेतकाकांनी मरतानाही मनात धरलं. म्हणू देत. धाकटे, वकीलबाई सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराने समोर बसावं लागतं, सही करणाऱ्याकडे पाहावं लागतं, आणि सही पुरी होईपर्यंत उठायचं नसतं. हे काम तुझ्याइतकं चांगलं कोणाला येतं? माझा हात कापतो, वेळ लागेल.

तुला आणायला लेकीला पाठवतो आहे. ती "नाही" म्हणालेली नाही. नुसत्या चपला शोधते आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून ऐकवला, तो माझ्या मनातलाच आहे.

ठिकाण: याच घराचं स्वयंपाकघर, फळ्यासमोर.
तारीख: वकीलबाईंनी वरच्या कोपऱ्यात घातली तीच.

सही: वेतकाका

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला. सही केली. काकांचं डोकं खरोखर ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसरी: धाकटी. समोर बसून पाहिलं. भावोजींची सही पुरी होईपर्यंत उठले नाही. मग उठून फळ्यावर डाव्या बाजूला त्यांचं नाव लिहायला गेले, तर ते लेकीने आधीच लिहिलं होतं. उजव्या बाजूला मी माझं लिहिलं.