दरबार हॉल, आसनक्षमता दीडशे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
चहा उतू गेला. सलग कितव्यांदा, याची नोंद नाही, यापुढे ठेवावी. भांडे सदोष असावे.

संकल्प. १२ डिसेंबरला सौ.च्या जाण्यास वर्ष होईल. त्या दिवशी रडारड होणार नाही. एकतीस वर्षे लोकप्रशासन शिकवलेल्या माणसास शोभेल असा कार्यक्रम होईल: एकदिवसीय चर्चासत्र. विषय, ‘कुटुंबसंस्था आणि व्यवस्थापन’. तीन सत्रे, दीडशे निमंत्रित. सभागृहासाठी कोल्हापुरातील तीन हॉटेलांची पाहणी. दहा निकष, प्रत्येकी दहा गुण. भावनेस गुण नाहीत.

स्वयंपाकाच्या बनाबाईंना कल्पना दिली. त्या म्हणाल्या, सर, ते असूंद्या, आधी शेगडी कोण पुसणार?

५ नोव्हेंबर, बुधवार
हॉटेल क्र. १, महामार्गालगत. नवे कोरे. लिफ्टमध्ये गाणी वाजतात. ६१ गुण.

हॉटेल क्र. २, स्टेशन रोड. सभागृहात कुणाच्या तरी नातवाचे जावळ चालू होते. पाहणीस आलो आहे, असे सांगूनही मला पंगतीत बसवण्यात आले. पावणं, लाजताय काय, म्हणत तिसऱ्यांदा भात वाढला. आतिथ्य १०, प्रशासन ०.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हॉटेल क्र. ३, इंदुविलास पॅलेस. संस्थानकाळात पाहुण्या साहेबांसाठी बांधलेली दगडी कोठी. दरबार हॉल, सागवानी छत, बेल्जियमची झुंबरे, आसनक्षमता दीडशे.

पूर्वपीठिका नोंदवणे आवश्यक. १९९८ साली मला प्रपाठकपद मिळाले, तेव्हा सौ.स येथे चहा पाजण्याचे कबूल केले होते. फाटकापर्यंत गेलोही होतो. आतून सुटाबुटातील मंडळी बाहेर पडत होती. मी म्हणालो, योग्य निमित्ताने येऊ. समोरच्या गाड्यावर चहा घेऊन परतलो. त्यानंतर बस येथून जाताना सौ. दर वेळी विचारत असे, आलं का निमित्त? सव्वीस वर्षे. या बाबीचा गुणांकनाशी संबंध नाही.

कार्यक्रम विभागाच्या स्नेहल नावाच्या तरुण बाईंनी मला ‘काका’ म्हटले. ‘सर’ सुचवले. ‘सरकाका’ यावर तडजोड झाली. कार्यक्रम कशाचा, असे विचारता मी म्हणालो, आमच्या सौ.च्या निमित्ताने. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, अय्या, चाळिसावा वाढदिवस लग्नाचा? सरप्राइज हाय व्हय?

लग्नास चाळीस वर्षे झाली असती हे आकड्यांच्या दृष्टीने अचूक आहे. शिवाय कनिष्ठ कर्मचाऱ्यास सर्वांदेखत दुरुस्त करणे प्रशासकीयदृष्ट्या अयोग्य. पुढील भेटीत सांगावे.

गुण ८९. घरी आल्यावर अकरावा निकष समाविष्ट केला: फाटकासमोर चहाचा गाडा असणे. ९९. निवड पूर्णतः वस्तुनिष्ठ.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चव पाहण्यासाठी बोलावले होते. सौ.नाही आणा, असा आग्रह होता. एकटाच गेलो. सौ.स सर्दी आहे, असे सांगण्यात आले. (माझ्याकडून.) वस्तुस्थिती सांगण्याचा प्रसंग अख्खा मसूर आणि मसालेभात यांच्यामध्ये आला होता; परंतु तोंडात घास होता.

मॅडमना पथ्य काही? मी म्हणालो, साखर चालत नाही. तेव्हा स्नेहलबाईंनी बिनसाखरेची बासुंदी डब्यात घालून दिली. मॅडमना म्हणावं, मी पाठवलीया.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बनाबाईंनी विचारले, टेबलावर दोन वाट्या कशापायी मांडल्यासा? गुणवत्ता चाचणी, असे उत्तर दिले. त्यांनी एक वाटी धुतली, दुसरी फडताळात झाकून ठेवली. ही त्यांची पद्धत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
निमंत्रणपत्रिकेचा मसुदा क्र. ७. ‘स. न. वि. वि., माझी पत्नी वत्सला हिच्या’ येथपर्यंत समाधानकारक. पुढील शब्दाविषयी निर्णय प्रलंबित. छापखान्यातून दोनदा फोन आला: सर, मॅटर कवा देताय?

तोवर उर्वरित कामे हातावेगळी केली. दीडशे पाकिटांवर पत्ते स्वहस्ते लिहिले, तिकिटे चिकटवली. काम ८५ टक्के पूर्ण. केवळ पाकिटात घालावयाचे पत्र शिल्लक.

२६ नोव्हेंबर, बुधवार
गडहिंग्लजहून बाळासो आले. सौ.चे धाकटे बंधू. सोबत तीच कापडी पिशवी.

पिशवीविषयी: गेल्या वर्षी तेराव्याला बाळासोंनी दुखवट्याचे टॉवेल-टोपी आणले होते. माहेरच्या माणसाने ती घातली, की विधुर माणूस पुन्हा चारचौघांत वावरायला मोकळा होतो, अशी रीत आहे. मी नम्रपणे नकार दिला. मी टोपी वापरत नाही, हे एकमेव कारण. बाळासो म्हणाले, दाजी, वरीस झालं, ही पिशवी आमच्या खुंटीला हाय. बायको इचारत्या, ह्यात काय हाय? मी म्हणतो, दाजींचं डोस्कं.

ते पुढे म्हणाले, तिथीनं वर्षश्राद्ध दोन तारखेला येतंय. आमच्याकडं घालतोय. या. मी चर्चासत्राची रूपरेषा दाखवली. त्यांनी ती उलटी धरून सुलटी केली. आमची अक्का सेमिनारला गेल्ती काय कवा? तिला विहिरीवर दोन बायका भेटल्या तरी तीन सत्रं व्हायची. मग विचारले, पत्रिका कुठं हाय?

प्रक्रियेत आहे, असे सांगितले. त्यांनी पाकिटांच्या गठ्ठ्याकडे पाहिले. एक उचलून उजेडात धरले. बाळासो बोलत नाहीत तेव्हा फार गैरसोय होते.

२ डिसेंबर, मंगळवार
गडहिंग्लजला जाता आले नाही. मंचव्यवस्थेची पाहणी अधिक निकडीची होती.

स्नेहलबाईंनी मंचाचा आराखडा दाखवला: मधोमध दोघांचा सोफा, वर फुलांची कमान. कुटुंबातील आणखी कुणी? आम्हांस अपत्य नाही, असे सांगितले. त्या चटकन म्हणाल्या, मग तर तुमी दोघंच राजा-राणी की! मॅडमचा आवडता रंग कुठला?

मोरपंखी, असे मी तत्काळ सांगितले. प्रशासकाने अडखळू नये.

दुपारी ३.४०
पडताळणीसाठी सौ.चे कपाट वर्षात प्रथमच उघडले. मोरपंखी लुगडे, साडी, रुमाल, काहीही नाही. बनाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, अबोली. पोरंबाळं सांगतील सर, बाई लांबून अबोलीच दिसायच्या.

चाळीस वर्षे. मला महाराष्ट्र नागरी सेवा नियम तोंडपाठ आहेत.

स्नेहलबाईंना फोन करून रंग दुरुस्त केला. दुसरी दुरुस्ती केली नाही. एका फोनमध्ये एकच विषय असावा.

९ डिसेंबर, मंगळवार
आता टपालाने पत्रे पोहोचणे शक्य नाही. दूरध्वनीवरून निमंत्रणे देण्याचे ठरवले. पहिला फोन जुने सहकारी गणपतराव यांना. शुक्रवारी इंदुविलासला अवश्य या, म्हणालो. त्यांनी साहजिकच विचारले, कशासाठी हो?

फोन ठेवला. रेंज गेली, असे म्हणावे लागेल.

उरलेले एकशे एकोणपन्नास फोन उद्या. स्नेहलबाईंना खरे सांगणे, तेही उद्या, सकाळी दहाला.

१० डिसेंबर, बुधवार
दहाला पोहोचलो. त्या अबोलीचे नमुने घेऊन धावतच आल्या. ह्यातला कुठला गजरा मॅडमना? मी निवडला. त्यांनी उपस्थितीचा अंतिम आकडा विचारला. दीडशे, म्हणालो.

सांगणे: उद्या.

११ डिसेंबर, गुरुवार
उद्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ८.००
कोट घातला. पत्रे पाठवली गेली नाहीत, असे निदर्शनास आले आहे. जबाबदारी निश्चित करण्यात येईल.

सायंकाळी ५.३०
यथाक्रम नोंद करतो.

११ वाजता दरबार हॉल सज्ज. दीडशे खुर्च्या, पांढरी आवरणे. सोफा. अबोलीची कमान. कुणीही नाही. स्नेहलबाई दारात गजरा घेऊन उभ्या. सरकाका, मॅडम गाडीत हायत का? मी आणू त्यांना हाताला धरून?

मी घड्याळ पाहिले. झुंबर पाहिले. एवढ्यात बाळासो आत आले, बगलेत पिशवी, मागे बनाबाई. मी यांपैकी कोणासही बोलावले नव्हते. स्नेहलबाईंनी त्यांनाही तेच विचारले, मामा, मॅडम कुठं हायत? बाळासोंनी माझ्याकडे बोट केले. दाजींना इचारा. त्यांची बायको हाय.

मी म्हणालो, वत्सला गेली. गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी. सकाळी सव्वासातला. मी चहा ठेवला होता.

हे मी प्रथमच उच्चारले. वाक्यरचना बरी झाली. त्यानंतर बसावे लागले. बसायला सोफाच जवळ होता. मी एका कडेला बसलो.

स्नेहलबाई रडू लागल्या. तुमी बासुंदी नेलीसा की हो, एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी माफी मागितली. बाळासोंनी पिशवीतून टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि टोपी घातली. वर्षभर घडी राहिल्याने ती बोटीसारखी चपटी झाली होती. हलू नका, म्हणाले. हललो नाही.

दीडशे माणसांचा स्वयंपाक तयार होता. बनाबाईंनी आपल्या गल्लीत फोन लावला: अगं, आमच्या बाईंचं वर्षाचं जेवण हाय, राजवाड्यात, पोरं घेऊन या, डबंही आणा. एकपर्यंत त्रेचाळीस बायका-मुले आली. मी चर्चासत्राचे बीजभाषण काढले होते, ते बाळासोंनी पिशवीत घातले. बायकाच बोलल्या. वत्सलेने कुणाला सही करायला शिकवले होते, कुणाची मुलगी दवाखान्यात नेली होती. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. टिपणे घ्यावीत असे वाटले. पेन सापडले नाही.

शेवटी स्नेहलबाईंनी चांदीच्या किटलीतून चहा आणला. दोन कप सोफ्यापुढे ठेवले. साखर? दोन चमचे, म्हणालो. तिला चालत नव्हती, घेत मात्र असे. दोन्ही कप मीच प्यायलो. समोरच्या गाड्यावरचा बरा होता.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी ७.०५
चहा उतू गेला नाही. भांड्यात दोष नाही. ते एका कपाचे आहे. बनाबाईंनी गेल्या डिसेंबरातच माझ्यासाठी आणले होते. मी वर्षभर त्यात दोन कपांचे आधण ठेवत होतो. आज मोजून एकच कप ठेवला आणि शांतपणे प्यायलो. ही सुधारणा कायम ठेवावी.

७.२०
बाळासो मुक्कामाला आहेत, हे विसरलो. ते आंघोळ करून आले, रिकामे भांडे पाहिले आणि म्हणाले, दाजी, आमचा कप कुठं हाय?