मोठ्याने बोलायला दोन दिवस

२४ जुलै, गुरुवार

म. चा वापीहून मेसेज. "२-३ ऑगस्ट मोकळी ठेव. उत्तनच्या पुढे समुद्रावरचं मोठं रिसॉर्ट बुक केलंय. फक्त आपण दोघं. ऑफ-सीझन आहे, गर्दी नसेल."

तीनदा वाचला. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि नवरा पहिल्यांदाच स्वतःहून काही ठरवतोय. तेही भर पावसात, घरापासून तासाभरावर. शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते, एक उलटा बसला. हेडसरांनी बघितलं. बघू दे.

संध्याकाळी दिव्यांची आवस. आईंनी (सासूबाई, पण आता त्याच्यापेक्षा माझ्याच जास्त) पितळी दिवे घासायला काढले होते. त्यांना सांगितलं. "पावसात समुद्रावर? काय बघायचं तिथं?" मग दोन दिवे घासून झाल्यावर म्हणाल्या, "जा गं. जाऊन या."

२७ जुलै, रविवार

म. काल आला, आज संध्याकाळी परत वापीला. दोन वर्षं असंच चाललंय. आठवडाभर कंपनीची खोली, शनिवार-रविवार आम्ही.

आमचं म्हणजे वन बीएचके. हॉलमध्ये आई आणि ईशा, आत आम्ही, मध्ये एक दार, तेही पावसात फुगतं आणि नीट लागत नाही. ईशा बारावीला, तिचा अभ्यास. आईंचे कान तर असे की शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा याच मोजतात. म्हणून आम्ही दोघं कुजबुजतो. भांडणसुद्धा कुजबुजत. कधी कुजबुजही नको वाटते, मग मेसेज. आज विचारलं, "निळा ड्रेस की साडी?" तो हातभर अंतरावर बसला होता. उत्तर आलं, "काहीही."

तरी निळा घेतेय.

१ ऑगस्ट, शुक्रवार

भुवया करून घेतल्या. पार्लरवाली म्हणे, "दीदी, कहीं बाहर जा रहे हो?" म्हटलं, उत्तन. ती हसली. "वो तो इधर ही है." हसू दे तिला. स्टेशनसमोरच्या गल्लीतून समुद्रावरच्या खोलीत जाणं मला तरी बाहेरगावच आहे.

आईंनी राजगिऱ्याचे लाडू बांधून दिले. "श्रावण आहे, तिथं काय मिळेल न मिळेल. महेशला दे." ईशाने बॅगेत हळूच परफ्यूम टाकलाय. कार्टी.

मला आनंद झालाय. लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर मागे घेता येणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार, दुपार

आलो. येताना पालीच्या कोळीवाड्यात सगळ्या होड्या वर ओढलेल्या, अंगावर ताडपत्र्या. रिसॉर्ट म्हणजे नुसता थाट. रिसेप्शनला गार रुमाल आणि कोकमाचं सरबत. एवढ्या खोल्या आणि आमच्याशिवाय एकच जोडपं, तेही जेवायलाच दिसलं. पोहण्याचा तलाव रिकामा करून ठेवलाय. किनाऱ्यावर लाल झेंडा, पाऊल टाकलं की गार्ड शिट्टी मारतो.

खोली आवरणाऱ्या बाई इथल्याच, तारोडी गावच्या. त्यांनी टॉवेलचे दोन हंस करून पलंगावर ठेवलेले. मी विचारलं, समुद्रात कोणीच नाही? "आता कोन जात न्हाय. पुनवेला नारल वाहतील, मंग. तंवर दर्या रागात हाय."

त्या गेल्यावर भिंतीवर टकटक करून बघितलं. जाड. आवाज पलीकडे जात नाही. बाल्कनीतून हाक मारली, "महेश." घरात आईंसमोर 'अहो'. त्याने दचकून ओठांवर बोट ठेवलं. मग आम्ही दोघंही हसलो. तेवढं एकदा हसलो.

जेवायला बुफे. म. ने सरळ बांगडा घेतला. म्हटलं, अरे, श्रावण. "आईला सांगू नको." मीही चिडवलं त्याला, बाटगा म्हटलं. मग त्याच्या ताटाकडे लक्ष गेलं. अठरा वर्षं त्याच्या ताटातल्या माशाचे काटे मी काढतेय. लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून घाबरतो. आधी आई काढून द्यायच्या, मग मी. आज त्याने बांगड्याच्या पाठीवरून चमचा फिरवला, आख्खा काटा एका ओढीत बाहेर. बोलता बोलता. आपण काय केलं हे त्याला कळलंही नाही.

मी वरण-भात खाल्ला. तो आता आडवा पडलाय. कदाचित मी उगाच...

३ ऑगस्ट, रविवार, सकाळ

काल पाच वाजता. बाल्कनीत चहा. जसं झालं तसं लिहिते.

तो म्हणाला, मला वेगळं राहायचंय. कुजबुजत म्हणाला. मला वाटलं, दुसरा फ्लॅट, मोठा. म्हटलं, मीरा रोडला बघू या, आईंना लिफ्ट पाहिजे. तो म्हणाला, तसं नाही. एकटाच. वापीला.

"राहतोसच की."

"तसं नाही, वैशाली."

मग मी विचारलं, काटे काढायला कोणी शिकवलं? तो म्हणाला, "लीनाने. ऑफिसातली आहे. दीड वर्ष झालं."

दीड वर्ष. म्हणजे मागचा श्रावणही. घरी शनिवारी आईंच्या हातची खीर, आणि सोमवारपासून तिकडे...

म्हटलं, मग इथे कशाला आणलंस मला? तर म्हणाला, "घरी कसं बोलणार? आई, ईशा. इथे तुला रडता तरी येईल."

एवढा विचार केला त्याने. रडायला खोली बघितली, समुद्राकडे तोंड असलेली. आणि मी भुवया करून आले होते.

मग मी बोलले. मोठ्याने. आईंच्या ऑपरेशनच्या वेळी हा कुठे होता, ईशाची दहावी, मला दिवस गेले होते आणि टिकलं नाही ते दुसरं, सगळं. घसा बसला. रिसेप्शनचा फोन आला, "मॅम, सब ठीक?" म्हटलं, ठीक है. म. पलंगाच्या कडेला बसून हंस उकलून त्या टॉवेलांच्या घड्या घालत होता.

मग म्हणाला, "आईला तू सांगशील? तुझं ती नीट ऐकून घेते."

लीनापेक्षा हे जास्त लागलं. खरंच.

त्याला झोप लागली रात्री. मला नाही. अकराला निघायचंय. लाडवांचा डबा उघडलाच नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईंनी विचारलं, कसं झालं. म्हटलं, छान, हवा छान होती. ईशाने फोटो मागितले. पाच आहेत, पाचही जेवणाच्या आधीचे. त्यातला एक तिने स्टेटसला ठेवला. माझ्या मावसबहिणींचे बदाम येतायत सकाळपासून. "नजर नको लागायला," एकीने लिहिलंय. फोटोतली बाई खरंच खूश दिसते. मला तिचा रागही येतो आणि कीवही.

शाळेत काम केलं. शिक्के सरळ मारले.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. आला. मला वाटलं होतं, येणार नाही. आला, पाया पडला, नारळीभात दोनदा घेतला. आईंनी तिसऱ्यांदा वाढला.

दुपारी आतल्या खोलीत बसलो होतो. त्याचा मेसेज, "सांगितलंस का?" हातभर अंतरावरून. मी लिहिलं, "तुझी आई आहे. तू सांग." त्याने वाचलं. खिडकीबाहेर कोणाच्या तरी छत्र्यांकडे बघत बसला.

राग आहे. पण त्याचे चार शर्ट इस्त्रीला मीच देऊन आले, संध्याकाळी घडी करून बॅगेतही ठेवले. हात ऐकत नाहीत माझं. या वेळी मुक्काम नाही, आजच निघाला. जाताना दारात थांबला, वाटलं काहीतरी म्हणेल. म्हणाला, "छत्री देतेस?"

दिली.

१६ ऑगस्ट, शनिवार

म. आला नाही. "कंपनीत काम आहे." आईंना फोनवर तसंच सांगितलं त्याने.

ईशा क्लासला. आई हॉलमध्ये मेथी निवडत होत्या, मी शेजारी बसले. मग मान वर न करता म्हणाल्या, "तो आता येत नाही ना?"

म्हटलं, काम आहे म्हणे.

"मला शिकवू नकोस. तिकडून आल्यापासून तुम्ही कुजबुजत नाही. इतकी वर्षं ती कुजबुज ऐकत झोपतेय मी. भांडलात तरी कळायचं, घरात दोघं आहेत. मागच्या शनिवारी दुपारभर आतून चकार शब्द नाही."

मग मी सांगितलं. थोडंच. वापी, लीना, दीड वर्ष. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही. पानं खुडत राहिल्या, देठ इकडे, पानं तिकडे. रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत. मीच रडले, आणि त्यांनी पाठीवर हात ठेवला, मेथीचाच ओला हात.

"मूर्ख आहे माझा मुलगा," म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "मला तिकडे नेईल तो. मुलगा आहे, न्यायला पाहिजे त्याने. पण मला जायचं नाही, वैशाली. मी तुझ्याकडे राहिले तर चालेल का?"

अठरा वर्षांत त्यांनी मला कधी 'चालेल का' असं विचारलं नाही. सांगायच्या, आणि चालायचं.

माझ्या तोंडून हो निघालं नाही. माया आहे, देवाशपथ आहे. पण डोक्यात पहिलं आलं ते हेच, की तो हलका होऊन गेला, आणि त्याची आईसुद्धा मीच... शी. काय लिहितेय मी. पण आलं मनात. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांनाही ते दिसलं असणार.

म्हटलं, चहा टाकते.

चहा केला, दिला, आत येऊन हे लिहितेय. दार लागत नाहीच, नुसतं लोटलंय. त्यांनी टीव्ही लावलेला नाही. कप खाली ठेवल्याचाही आवाज आला नाही अजून.