शौर्यचे कोरीव कान

४ ऑक्टोबर, शनिवार

आरती मॅडमनी आज स्टाफरूममध्ये हातात एक कादंबरी कोंबली. ‘लाल माती, गुलाबी तू’. कव्हरवर तेल चोपडलेला पैलवान आणि त्याच्या खांद्यावर एका पोरीचं डोकं. म्हणाल्या, “पंधरा तारखेला वाचन प्रेरणा दिन आहे. प्रत्येकानं एका पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचंय. हे तुमच्या विषयाचं, म्हणून तुम्हाला.” माझा विषय कुस्ती होता, गुलाबी नव्हता. पण प्राचार्यांनी यादीत नाव घालून टाकलंय. खेळाच्या मास्तरणीला नाही म्हणायची सोय नसते.

वीस पानं वाचली. पैलवानाचं नाव शौर्य! माझ्या वस्तादांच्या, अण्णांच्या तालमीत पंचवीस वर्षांत शेकड्यानं पोरं येऊन गेली — कल्याण, गोरक्षनाथ, काकासाहेब, अंगद. शौर्य एकही नाही. पोरीचं नाव ईशान्या. आणि या शौर्यचे कान म्हणे ‘शिल्पकारानं घडवावेत तसे कोरीव’. बारा वर्षं मातीत मान घासलेल्या गड्याचे कान कोरीव? कुस्ती शिकता शिकताच पैलवानाचा कान मोडतो, त्याचं भजं होतं. माझा डावा अजून तसाच आहे, म्हणून मी केस कानावरून घेते. लेखिकेनं पैलवान कॅलेंडरावरच पाहिलेला दिसतो.

५ ऑक्टोबर, रविवार

केशरआत्या भाजी आणायला गेली आणि भाजी विसरून बातमी घेऊन आली. दारातूनच सुरू.

“अंगदनं निरोप धाडलाय. पुढल्या रईवारी येतोय. आईला घिऊन.”

म्हटलं, कोण अंगद? उगाच म्हटलं. आत्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

“त्याच्या आईनं, भीमाबाईनं कापडबाजारातून साडी घेतली. डाळिंबी, काठाची. दुकानातल्या बाईनंच सांगितलं मला. नारळ बी आणनार हायेत. त्याची बायको जाऊन तीन वर्सं झाली. पोरगी तेराची हाय, तिला आई नगं का?”

पाहिजे असेल. मी काय करू? आपल्या पशुखाद्याच्या दुकानात पेंडीबरोबर आईपण मागवून घ्यावी त्यानं. येऊ दे. नाही म्हणायला मला दोन मिनिटं लागतील.

आत्या मात्र दुपारभर गुणगुणत होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

शौर्यनं ईशान्याला दहा वर्षांपूर्वी का सोडलं ते आज कळलं. वस्तादानं शपथ घातली — मानाची गदा मिळेपर्यंत लंगोट पक्का, बाईकडे बघायचं नाही. यावर लेखिकेनं चाळीस पानं रडून घेतलंय. तलाव, चांदणं, वाळलेला गजरा. एवढ्या पानांत मी तालमीची अख्खी माती खणून दिली असती.

हीच गोष्ट मी पाच ओळींत सांगते. माझी आणि अंगदची सुपारी फुटली. दोघंही अण्णांचेच चेले. मी बावीसची, जत्रांच्या हगाम्यात कुस्त्या मारणारी. आठवड्यात भीमाबाईंचा निरोप आला — आमची सून फडात उतरणार न्हाई. मी कुस्ती सोडली. कुणी हात धरून सोडायला लावली नाही, अंगद पाहिजे होता म्हणून सोडली. चार महिन्यांनी त्याला पुण्याच्या मोठ्या तालमीत जागा मिळाली. तिथल्या वस्तादाचा नियम — लग्न झालेला पोरगा घेत नाही. त्यानं लग्न मोडलं. निरोप चुलत्याच्या हाती.

सहा-सात ओळी झाल्या. असो.

म्हणजे मी लग्नासाठी कुस्ती सोडली आणि त्यानं कुस्तीसाठी लग्न. गदा त्याला मिळालीच नाही. खांदा निखळला, घोडेगावला दुकान टाकलं, मामाची पोरगी केली. मी अण्णांना तोंड दाखवायला वर्षभर लाजत होते. बाईला फडात उतरवली म्हणून गावानं नावं ठेवली तेव्हा तो माणूस एकटा उभा राहिला होता, आणि मी एका निरोपावर त्याचं सगळं शिकवणं मातीत घातलं. पुन्हा उतरते म्हणायची हिंमत झाली नाही. मग अण्णा गेले. नंतरची स्थळं मीच परतवली. अंगदसाठी नव्हे. मला कुणाच्या घरात विचारून पाय टाकायचा कंटाळा आला होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

पान ११२. ईशान्या सँडल घालून आखाड्यात उतरली. मातीत. वस्ताद समोर उभा आणि कुणी काही बोललं नाही! पुस्तक गादीखाली टाकलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा काढलं. भाषण करायचंय.

शौर्यचा गुडघा फुटला, ऑपरेशन झालं, आणि तीन आठवड्यांत फायनल. आमच्या कॉलेजातल्या मुली पाय मुरगळला तर महिनाभर चिठ्ठी आणतात. फायनलला तो हरत आलेला असतो, तेवढ्यात त्याला गर्दीत ईशान्या दिसते, आणि मग हा ढाक डाव लावून समोरच्याला चितपट करतो. समोरचा बिचारा काय करत होता? तोही ईशान्याकडे बघत असावा.

जिंकल्यावर तो मातीनं भरलेला तिच्यापुढे गुडघ्यावर बसतो. तोच, तीन आठवड्यांपूर्वी कापलेला गुडघा. ‘मला अजून एक संधी देशील?’ दहा वर्षांत एक फोन नाही, तिच्या आईच्या मयतीला आला नाही, आणि ही बया म्हणते — हो. का हो? कशाबद्दल हो? एवढं तरी विचार की बाई, इतके दिवस कुठे होतास! विचारत नाही. पाणी येतं डोळ्यांत आणि हो म्हणते. असल्या पोरींना बघून बाप्ये सोकावतात.

आत्यानं बेसनाचे लाडू करायला घेतलेत. म्हटलं, हे कुणासाठी? “दिवाळी आली न्हाई का?” दिवाळीला अजून दहा दिवस आहेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

निळी साडी इस्त्रीला दिली होती, आणली. दिवाळीच्या आधी गर्दी होते इस्त्रीवाल्याकडे, म्हणून.

वाक्य ठरवलं — “तुम्ही आलात, बरं वाटलं. पण माझं आता सगळं मार्गी लागलंय, मला यात पडायचं नाही.” न चिडता म्हणायचं. चहा देऊन म्हणायचं. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा चांगलं जमलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

येऊन गेले. आज लिहिणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिहिते.

साडेदहाला आले. अंगद, भीमाबाई आणि ती पोरगी. अंगद सुटलाय, केस गेलेत, कान तेच. मला बघून म्हणाला, “नमस्कार मॅडम.” मॅडम! ए रोहिणे म्हणून हाका मारायचा. मी निळी साडी नेसून बसले होते.

भीमाबाईंनी टेकल्या टेकल्या आत्याकडे कुंकू मागितलं. माझी ओटी भरली — डाळिंबी साडी, नारळ, तांदूळ. मी माझं वाक्य जिभेवर धरून बसले. आता तो बोलेल, आणि मग मी. तर त्यानं पोरीला पुढे केलं.

“पाया पड वस्तादच्या.”

पोरगी वाकली. मला काही समजेना. आत्या उंबऱ्यात चहाचा ट्रे धरून उभी.

“ज्ञानेश्वरी,” अंगद म्हणाला. “कुस्तीचं लई वेड हाय. पोरांच्या तालमीत घालू वाटंना. तुमी घ्या तिला, मॅडम. वस्तादाला नारळ-फेटा द्यायची आपली रीत. पन बाईमानसाला फेटा कसा द्यायचा? मंग आई म्हनली, साडी घिऊ, वटी भरू.”

बाई वस्ताद आमच्या भागात आजवर कुणी केलीच नाही. तिला काय द्यायचं हे कुणालाच माहीत नाही. त्यामुळे या मायलेकांनी वस्ताद करायला येताना बायको करायला जावं तसं सामान आणलं, आणि आम्ही दोघी शहाण्या सात दिवस लाडू वळत बसलो. आत्यानं ट्रे तसाच आत नेला. चहा कुणाला मिळालाच नाही.

पोरगीच बोलली. “पप्पा म्हनत्यात, तुमच्यासारकी ढाक तालुक्यात कुनाची न्हवती.” अंगद फरशीकडे बघत होता. “मंग तुमी कुस्ती का सोडली?”

ज्या बाईच्या निरोपावर सोडली ती माझ्या समोर बसून पदराची दशी ओढत होती, आणि नात फडात उतरवायला माझ्याच दारात आली होती. शेवटी भीमाबाईच म्हणाल्या, “चुकलं माजं.” एवढंच. मग पावसापाण्याचं काढलं.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पोरीला म्हटलं, उभी राहा. तिच्या मानेवर हात टाकला. अठरा वर्षांनी कुणाच्या मानेवर हात टाकला मी. मान कडक आहे, पाय हलके, समोरच्याच्या पायांत, पटात शिरायची फार घाई. मी जरा दाबल्यावर ती मागे सरली नाही, उलट अंगावर आली. मला रडू येईल असं वाटलं म्हणून हात काढून घेतला. विचार करून सांगते म्हटलं. तिघं गेली.

आत्या रात्री जेवली नाही. “मेल्यानं सांगून तरी यायचं,” एवढंच म्हणाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बरं झालं. नाही म्हणायचा त्रास वाचला. लाडूही कामी आले, स्टाफरूममध्ये संपले.

दुपारी मीच अंगदला फोन केला.

“पोरगी घेते. दिवाळी झाली की पाठव, पहाटे पाचला. पण साडी परत न्यायची. फेटा आणायचा.”

“आवो पन, बाईमानसाला फेटा…”

“मग दुसरी वस्ताद बघ.”

मग म्हणाला, “आनतो.”

“तू नाही. तुझ्या आईनं आणायचा. तिच्या हातानं माझ्या हातात द्यायचा. आणि तू फाटकाच्या बाहेर थांबायचं.”

“बरं, वस्ताद,” म्हणाला. कॉलेजमागच्या शेडसाठी मॅट मागायचा अर्ज लिहिला आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून आले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झालं भाषण. पाच मिनिटांचं बारा मिनिटं. कोरीव कान, आखाड्यातल्या सँडल, तीन आठवड्यांचा गुडघा, सगळं काढलं. पोरं बाकं बडवत होती. आरती मॅडम सुद्धा हसल्या, नंतर जरा कमी हसल्या. कादंबरी त्यांना खरोखर आवडलेली होती, हे मला उशिरा कळलं. वाईट वाटलं, पण थांबता आलं नाही.

शेवटी बारावीची एक मुलगी उठली. “मॅडम, ईशान्याच्या जागी तुम्ही असता तर?”

मी म्हटलं, “तोंडावर नाही म्हटलं असतं.” टाळ्या पडल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल दीडशे पोरांसमोर खोटं बोलले. रविवारी अंगदनं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं असतं.